खेचराच्या गावचा इतिहासकार

नागपूरला परत आल्यावर शेजारच्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो नायगाऱ्याचा. मी नायगारा पाहिला नाही. मी पाहिलं ते पाणी नेवाडाच्या वाळवंटातलं, मनगटाएवढ्या धारेचं. त्यावरून चाललेलं भांडण मात्र धबधब्याएवढं होतं. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेल्या बाईला याहून चांगलं स्थळदर्शन कोणी घडवलं नसतं.

सांता क्लारा

मुलाकडे, निखिलकडे, राहायला जाऊन मला महिना होत आला होता. सांता क्लारात बघायचं काय, तर कंपन्यांच्या इमारती, आणि त्याही बाहेरून. निखिल आणि सून प्राची दिवसभर लॅपटॉपशी बोलत आणि संध्याकाळी थकून माझ्याशी. एका रविवारी मराठी मंडळींचं एकत्र जेवण होतं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी सावजी मसाल्याचं वांगं नेलं होतं. त्याच्यापासून सगळे हात राखून होते. एकट्या डॉक्टर पटवर्धनांनी दोनदा वाढून घेतलं आणि डोळे पुसत पुसत माझी चौकशी केली.

डॉक्टर ऐंशीच्या घरातले, मूळचे वाईचे. तरुणपणी नेवाडातल्या ‘म्यूल स्प्रिंग’ नावाच्या गावी दवाखाना चालवायला गेले आणि तिथलेच होऊन राहिले. म्यूल स्प्रिंग म्हणजे खेचराचा झरा. बायको गेल्यापासून ते अधूनमधून मुलीकडे सांता क्लाराला येतात. गावात मराठी बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांची मराठी ट्रंकेत जपून ठेवलेल्या शालूसारखी राहिली होती, घडी न मोडलेली. निखिलनं त्यांना विचारलं, “काका, पुढच्या वीकेंडला काय प्लॅन?” काका म्हणाले, “शनिवारी आमच्या गावचा स्थापना दिन आहे आणि सोमवारी पाण्याची सुनावणी.”

‘पाण्याची सुनावणी’ हे शब्द ऐकून माझी मान आपोआप वळली. कोणाचं पाणी, कोणाची तक्रार, उगमाला कोण, शेवटाला कोण, असं मी भराभर विचारत गेले. डॉक्टरांनी हातातली ताटली खाली ठेवली आणि मला सरळ आमंत्रणच दिलं. निखिल कुरकुरला. आईला लास व्हेगास दाखवायचं सोडून कुठल्या खेडेगावात ड्राइव्ह करायचं, यार, असं त्याचं म्हणणं. पण त्यानं शुक्रवारची आणि सोमवारची सुट्टी टाकली. शुक्रवारी पहाटे डॉक्टरांना मागच्या सीटवर बसवून आम्ही निघालो.

घाट ओलांडून

कॅलिफोर्नियाची हिरवळ संपते तिथं मोठा घाट लागतो. जुन्या काळी पश्चिमेकडे निघालेली काही कुटुंबं इथं बर्फात अडकली आणि शेवटी माणसांनी माणसं खाल्ली, अशी माहिती रस्त्याकडेच्या फलकावर होती. फलकाखाली बाकं होती आणि त्यांवर बसून लोक निवांत सँडविच खात होते. आम्हीही प्राचीनं दिलेले पराठे खाल्ले.

घाटापलीकडे नेवाडा. तिथं झाड दिसलं की गाव आलं असं समजायचं. बाकी सगळं राखाडी झुडूप, आणि त्याचा ओव्यासारखा उग्र वास. किराणा दुकानातही जुगाराची यंत्रं, तीही दुधाच्या कपाटाला खेटून. एक आजी एका हातात ब्रेड धरून दुसऱ्या हातानं नशीब अजमावत होत्या.

वाटेत डॉक्टरांनी मला ज्यांच्याविषयी सांगितलं त्यांच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायचं. त्यांचं नाव एल्डन ब्रॅकेट. गावाचे संस्थापक जे ब्रॅकेट, त्यांचे पणतू. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं विधिमंडळ असतं आणि त्यातल्या वरच्या सभागृहाच्या सभासदाला सिनेटर म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या विधान परिषदेतल्यासारखं. तिथं एल्डन ब्रॅकेट इतकी वर्षं निवडून येत राहिले की आता निवृत्त होऊन जमाना झाला तरी गाव त्यांना सिनेटरच म्हणतं. गावाला पक्का रस्ता त्यांनी आणला, दवाखाना त्यांनी आणला, आणि त्या दवाखान्यात यायला एकही गोरा डॉक्टर तयार होईना तेव्हा पटवर्धनांनाही त्यांनीच आणलं.

आणि ते इतिहासकार होते. विद्यापीठातले नव्हेत, लोकांचे. गोरे लोक पश्चिमेकडे येऊन वसले त्या काळातल्या, काउबॉय, खाणी, दरोडे असल्या गोष्टी ते दर रविवारी सकाळी रेडिओवर सांगत. त्यांची पुस्तकं पेट्रोल पंपावर मिळत. त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट त्यांच्याच घरची. पणजोबा ब्रॅकेट वाळवंटात तहानेनं कोसळले होते. त्यांच्या खेचरानं दूरवरच्या पाण्याचा वास घेतला, मालकाचा सदरा दातात धरून त्याला ओढत नेलं आणि एका खडकाशी खूर आपटला. तिथं झरा होता. खेचराचं नाव प्रूडन्स.

“म्हणजे आपली सुबुद्धी,” डॉक्टर म्हणाले.

मला गंमत वाटली. आपल्याकडे गाय रोज एका जागी पान्हा सोडते, खणल्यावर खाली पिंडी सापडते, मग देऊळ, मग जत्रा. इथं गायीच्या जागी खेचर होतं आणि जत्रेच्या जागी निवडणूक. डॉक्टरांच्या मते सिनेटर एकदाही स्वतःच्या नावावर निवडून आले नाहीत, प्रत्येक वेळी त्यांना प्रूडन्सनं निवडून आणलं.

म्यूल स्प्रिंग

गाव म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना उंच कॉटनवूडची झाडं आणि मधोमध खेचराचा पितळी पुतळा. पोरांनी बसून बसून त्याची पाठ चकचकीत केली होती. शाळेच्या भिंतीवर खेचर, अग्निशमन बंबावर खेचर, डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्याच्या काचेवर स्टेथोस्कोप घातलेलं खेचर.

गावाच्या पूर्वेला, टेकडीच्या उतारावर, शोशोनी लोकांची वसाहत होती. हे इथले मूळचे रहिवासी. सगळं गाव तिला ‘इंडियन कॉलनी’ म्हणतं. डॉक्टर नवे आले तेव्हा भारतातून येणारी त्यांची पत्रं पोस्टमन बिनदिक्कत तिकडे टाकायचा, आणि लोरेटा नावाची तिथली एक तरुण नर्स ती गोळा करून दवाखान्यात आणून द्यायची. पुढे तिनं डॉक्टरांबरोबरच जन्मभर काम केलं. आता ती वसाहतीच्या पंचायतीची अध्यक्ष आहे. पाण्याची तक्रार तिचीच होती.

तक्रार मला दोन वाक्यांत कळली, कारण असल्या तक्रारी ऐकतच माझे केस पांढरे झाले आहेत. या मुलखात ज्यानं आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी. गाव म्हणतं, झरा आमच्या ब्रॅकेटनं शोधला. म्हणून दर उन्हाळ्यात पाणी कमी झालं की गावाचं पाणी मंडळ वसाहतीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करतं, आणि वसाहत टँकरवर जगते. झरा आहे वसाहतीच्या टेकडीतच. कोर्टात खटला चालू होता, पण तो पणतवंडांपर्यंत चालेल असा. लोरेटाचं मागणं साधं होतं. पाणी मंडळानं आपसांत ठरवून व्हॉल्व्ह उघडा ठेवावा. त्यासाठी सोमवारची सुनावणी.

माझ्या माहेरी महाडच्या तळ्याची गोष्ट पाळण्यातच ऐकवतात. त्यामुळे पाणी आधी कोणाचं, हा वाद मला समजावून सांगावा लागत नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, “आमच्या वाईच्या आळीतही दोन विहिरी होत्या, शोभाताई.” 

लांब टेबल

त्या संध्याकाळी सिनेटरांनी आम्हाला जेवायला बोलावलं. या भागात पूर्वी स्पेनच्या डोंगरातून बास्क लोक मेंढ्या राखायला आले. त्यांच्या खाणावळी अजून चालतात. लांबच लांब टेबल, ओळखीचे-अनोळखी सगळे खांद्याला खांदा लावून बसतात आणि वाडगी हातोहात पुढे सरकतात. आधी सूप, मग घेवड्याची उसळ, मग लसणात न्हालेलं मेंढीचं मटण. ही पंगतच होती. तिच्यात मी आणि डॉक्टर पटवर्धन शेजारी शेजारी बसून एकाच वाडग्यातलं मटण घेत होतो. आमच्या दोघांच्या आजोबांनी ते पाहिलं असतं तर कोणाला आधी घेरी आली असती, याचा मी अंदाज बांधत बसले.

सिनेटर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर मोठी टोपी. मी काय काम करत होते ते त्यांनी विचारलं. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवत होते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “मग तुम्हीही राजकारणातच होतात.” त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एका दरोडेखोराची गोष्ट सुरू केली. ती इतकी छान होती की आजूबाजूच्या लोकांनी चमचे खाली ठेवले. निखिलनं तर फोनही खाली ठेवला. असा प्रसंग मी अमेरिकेत पहिल्यांदाच पाहिला.

लोरेटा समोर बसली होती. ठेंगणी, पांढऱ्या वेणीची बाई. तिनं गोष्ट संपू दिली, मग शांतपणे विचारलं, “एल्डन, सोमवारी येणार ना?”

सिनेटरांनी वाडगं तिच्याकडे सरकवलं आणि उसळ छान झाल्याचं सांगितलं. नंतर डॉक्टरांच्या आणि लोरेटाच्या तोंडून मला उलगडा झाला तो असा. झऱ्याची खरी हकिगत सिनेटरांना पूर्वीपासून माहीत होती आणि त्यांनी ती लपवलीही नव्हती. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलून, स्वतःच्या आजीचं बोलणं ताडून, त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्यात सगळं स्पष्ट छापलं होतं. ते कोणी विकत घेतलं नाही. खेचराच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि या पुस्तकाचे गठ्ठे गॅरेजमध्ये उंदरांनी वाचले.

लोरेटाला हवं होतं ते एवढंच, की छापलेलं त्यांनी तोंडानं सांगावं. त्यांचं तोंड गाव ऐकतं. अडचण होती त्यांच्या मुलीची. जोआन या वेळी जिल्हा मंडळाला उभी होती, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेला म्हणा. तिच्या प्रचारफलकावरही खेचर होतं.

“तुला आता कुठं निवडून यायचंय?” लोरेटा म्हणाली.

“मला नाही. तिला यायचंय,” सिनेटर म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवून ते उठले.

स्थापना दिन

शनिवारी पुतळ्यासमोर सगळं गाव जमलं. आधी शाळेच्या मुलांनी नाटक केलं. दोन मुलं मिळून खेचर झाली होती, आणि मागच्या मुलाला बहुतेक पुढच्याशी पटत नव्हतं. मग बँड, मग भाषणं. जोआन नीटस बोलली. पन्नाशीची, वडिलांसारखीच उंच, पण बोलण्यात त्यांची जादू नाही. नोटीस वाचल्यासारखं बोलून ती खाली बसली. वसाहतीतली माणसं मागे उभी होती. लोरेटानं मात्र घरून घडीची खुर्ची आणली होती आणि ती सर्वांत शेवटच्या ओळीत बसली होती. दर वर्षी ती तिथंच बसते असं डॉक्टर म्हणाले.

शेवटी सिनेटर उठले. टोपी काढली. लोक आधीच हसायला लागले होते. त्यांनी पणजोबांची तहान सांगितली, ऊन सांगितलं, कोरडी पडलेली जीभ सांगितली. प्रूडन्सपाशी आले आणि थांबले. शेवटच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “प्रूडन्सनं पाणी शोधलं नाही. प्रूडन्सला माझ्या पणजोबांनी त्याआधीच खाल्लं होतं.”

लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. बायका डोळे पुसत हसत होत्या. सिनेटर पुढे बोलतच राहिले. एका शोशोनी बाईनं पणजोबांना डिंक लावून विणलेल्या टोपलीतून पाणी पाजलं, झऱ्याशी नेलं, हिवाळाभर पाइनच्या बिया खाऊ घालून जगवलं. पणजोबांनी तिचं नाव कधी विचारलं नाही. वसंत आला तेव्हा त्यांनी झऱ्याभोवती कुंपण घातलं. या कुंपणावर सर्वांत मोठा हशा झाला. बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. जोआननं वडिलांना हात देऊन खाली उतरवलं आणि त्यांच्या कानात काही सांगितलं. ते काय होतं ते आम्हाला गाडीत कळलं. ती म्हणाली होती, “बाबा, आजवरची सगळ्यात भारी.”

त्यांना घरी सोडायला आम्हीच निघालो होतो. मला वाटलं होतं म्हातारा खचला असेल, पण म्हातारा भडकला होता. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा एकानं पुरावा मागितला नाही, आणि आज पुराव्यानिशी बोललो तर सगळे हसले. हे ते तीन-चारदा वेगवेगळ्या शब्दांत म्हणाले. वसाहतीच्या पाण्याचा त्यात उल्लेख नव्हता, जोआनच्या निवडणुकीचाही नव्हता. राजकारणी बाजूला झाला होता आणि लेखक दुखावला होता.

मला राहवलं नाही. इंग्रजी मला समजतं आणि कामापुरतं बोलताही येतं, पण एवढं बोलायला मराठीच लागली, म्हणून डॉक्टर त्यांना इंग्रजीत सांगत होते. मी म्हटलं, “तुम्ही छान बोलता, हीच अडचण आहे. आमच्या खात्यात खरी गोष्ट रंगवून लिहिली की साहेब फाइल परत पाठवतात. कंटाळवाणी लिहिली की सही होते.”

सिनेटरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “किती कंटाळवाणी?”

सोमवार

रविवार आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये काढला. निखिलनं गठ्ठे सोडले. सिनेटर नवव्या प्रकरणातलं एकेक पान वाचत आणि मी कुठं रंग चढला ते सांगत होते. त्यांना ते फार जड गेलं. वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज आपोआप वर चढे, भुवया उडत, हात हवेत जाई. एका ठिकाणी ‘रक्ताळलेला सूर्यास्त’ असा शब्द आला. तो काढा म्हटलं तर म्हणाले, सूर्यास्त खरोखर तसा होता. पण मी त्यांना तो ठेवू दिला नाही. “आई, तू त्यांचा पार गव्हर्नमेंट क्लार्क केलास,” असं निखिल म्हणाला. मला ते कौतुकच वाटलं.

सुनावणी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होती. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाचे सभासद समोर, त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या. लोरेटा थोडक्यात बोलली. गुरांचे दोन मालक तिच्या विरोधात बोलले. मग सिनेटर. डोक्यावर टोपी तशीच, हातात पुस्तक, नजर पानावर. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मी खुर्चीत सावरून बसले, कारण इतकं नीरस वाचन मी आमच्या विभागीय कार्यालयातही ऐकलं नव्हतं. ही माहिती कोणी दिली, ती कोणाची कोण, कुठं राहत होती, दुसऱ्या कोणाच्या सांगण्याशी ती कुठं जुळते आणि कुठं जुळत नाही. खेचर खाल्ल्याचं वाक्य तर त्यांनी रेशनकार्डावरच्या नोंदीसारखं वाचलं. अध्यक्षांनी जांभई दिली. मागे एक माणूस हसू लागला आणि कोणीच साथ देत नाही असं पाहून गप्प झाला. हॉलमध्ये हळूहळू शांतता पसरत गेली. ती कंटाळ्याची नव्हती.

सिनेटर बसले. तेव्हा गुरांच्या मालकांपैकी एक उठला. त्यानं सिनेटरांना काही विचारलं नाही, जोआनला विचारलं. तो म्हणाला की आम्ही तुला मत देणार आहोत, तुझ्या वडिलांचं वय झालंय, ते गंमत करतायत की काय ते तूच सांग.

जोआन भिंतीशी उभी होती. ‘बाबा आता थकले आहेत’ एवढं म्हणणं तिला पुरेसं होतं. ते खोटंही नव्हतं. तसं म्हणण्याची सोय तो माणूस तिला जवळजवळ हातात ठेवून देत होता. सिनेटर तिच्याकडे पाहत नव्हते. ती भिंतीपासून एक पाऊल पुढे आली. मग तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली, “बाबा गोष्ट सांगतात तेव्हा टोपी काढतात. शनिवारी काढली होती, म्हणून मीही हसले. आज टोपी डोक्यावर आहे. हे खरं आहे.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो माणूस खाली बसला. मंडळानं आपल्याकडची मंडळं करतात तेच केलं, निर्णय पुढे ढकलला.

बाहेर आल्यावर सिनेटर मुलीशी काही बोलायला गेले. तिनं त्यांचं पुस्तक काखेत घेतलं आणि त्यांना गाडीपर्यंत नेलं, पण बोलली नाही. लोरेटा माझ्याशेजारी उभी होती. मी तिला म्हटलं की सिनेटरांनी मोठं धाडस केलं. ती माझ्याकडे पाहून हसली. म्हणाली, “मी त्यांना जन्मभर न्यायाच्या गोष्टी सांगितल्या. लोक हसले, तेव्हा कुठं ते उठले. मला कारणाशी देणंघेणं नाही.”

निघण्यापूर्वी ती आम्हाला झरा दाखवायला घेऊन गेली. टेकडीच्या कुशीत खडकातून मनगटाएवढी धार येत होती. भोवती जाळीचं कुंपण, लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. किल्ली पाणी मंडळाकडे होती. तेव्हा तिनं कुंपणाच्या जाळीच्या फाटलेल्या जागेतून हात आत घातला, वाहतं पाणी तळहातावर घेतलं आणि माझ्या हातावर ओतलं. पाणी गार होतं आणि त्याला किंचित गंधकाचा वास होता. निखिल फोटो काढायला पुढे झाला, मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि स्वतःचा हात पुढे केला. डॉक्टर सर्वांत मागे उभे होते. इतकी वर्षं गावात काढून ते इथवर कधी आले नव्हते. लोरेटानं काही न विचारता त्यांच्याही हातावर पाणी घातलं.

नागपूर

पुढचं सगळं मला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

नोव्हेंबरात जोआन पडली. ज्यानं तिला पाडलं त्याच्या फलकावर दोन खेचरं होती. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून ती रोज वडिलांकडे जाऊ लागली. दोघं मिळून गॅरेजमधली पुस्तकं पुसून काढतात. बोलणं अजून बेताचंच आहे. एका पेट्रोल पंपानं त्या पुस्तकाच्या काही प्रती ठेवल्या, पण खेचराच्या पुस्तकाशेजारी नाही. नवं पुस्तक ‘कादंबऱ्या’ अशी पाटी असलेल्या फळीवर आहे, आणि खेचर अजून ‘इतिहासा’त.

गावाच्या समितीनं पुतळ्याचा प्रश्नही सोडवला. खेचराशेजारी एक नवा पुतळा बसवला. टोपली घेतलेली शोशोनी बाई, आणि तिच्या हातात प्रूडन्सचा लगाम. खाली मजकूर असा, की एका स्थानिक स्त्रीनं प्रूडन्सला पाण्याचा रस्ता दाखवला. जे खेचर आधीच पोटात गेलं होतं त्यालाही पाणी मिळालं, पणजोबाही राहिले आणि कोणीच दुखावलं नाही. सिनेटरांनी अनावरणाला येऊन भाषण करावं अशी विनंती झाली. त्यांनी टोपी न काढता नवव्या प्रकरणातली दोन पानं वाचली. तेवढ्यात निम्मी माणसं जेवायला निघून गेली होती.

आणि पाणी मंडळानं, एक वर्ष करून पाहू, अशा भाषेत, वसाहतीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याचं ठरवलं. या निर्णयाला सिनेटरांचं वाचन कारण झालं, जोआनचं एक वाक्य झालं, की खटल्यात हरण्याची भीती झाली, यावर गावात अजून एकमत नाही.

या उन्हाळ्यात नागपूर तापलेलं असताना मीच लोरेटाला फोन केला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर पाण्याचं विचारलं. तिनं क्षणभर विचार केला, काही खास आठवतंय का असा.

“येतं,” ती म्हणाली. “रोज येतं. सांगण्यासारखं काही नाही.”